भंडारा जिल्ह्यातील आरोग्याचे सामाजिक निर्धारक आणि परिचर्या संशोधन

आरोग्याचे सामाजिक निर्धारक म्हणजे माणूस ज्या परिस्थितीत जन्मतो, वाढतो, राहतो, काम करतो आणि म्हातारा होतो ती परिस्थिती. उत्पन्न, जात, लिंग, घर, पाणी, सांडपाणी, शिक्षण, रोजगाराचे स्वरूप व आरोग्यसेवेपर्यंतचे अंतर यांचा त्यात समावेश होतो. या परिस्थितीचा आजार, उपचार आणि मृत्यू यांच्याशी असलेला संबंध शोधणारी परिचर्याशास्त्राची शाखा प्रामुख्याने सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या अंतर्गत विकसित झाली. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या भंडारा जिल्ह्यात भातशेती, तलाव, हंगामी मजुरी, विस्थापन आणि हत्तीरोग व सिकलसेल यांसारखे दीर्घकालीन आजार एकत्र आढळतात. त्यामुळे असा संबंध तपासण्यासाठी हा जिल्हा महत्त्वाचा मानता येतो.

पार्श्वभूमी

आजाराचे मूळ राहणीमानात शोधण्याची परंपरा परिचर्येत सुरुवातीपासून आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये लिहिलेल्या परिचर्येवरील टिपणांत औषधांपेक्षा शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि प्रकाश यांना अधिक स्थान दिले. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्यस्थितीविषयी नेमलेल्या शाही आयोगाच्या कामात त्यांनी सांख्यिकी वापरली. आयोगाचा अहवाल 1863 मध्ये आला. पुढे त्यांचे लक्ष छावण्यांकडून खेड्यांकडे वळले आणि पुणे सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला. अमेरिकेत लिलियन वॉल्ड यांनी 1893 पासून न्यूयॉर्कच्या स्थलांतरित वस्त्यांत घरोघरी परिचर्या सुरू केली. आजच्या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेची कल्पना त्या कामातून रूढ झाली.

1990 मध्ये पॅट्रिशिया बटरफिल्ड यांनी परिचर्येने ‘उगमाकडे’ पाहावे, असा विचार मांडला. नदीत वाहून येणाऱ्यांना एकामागून एक बाहेर काढत राहण्यापेक्षा ते पाण्यात पडतात कुठे, हे पाहावे, असा त्याचा आशय होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला. त्यानंतर ‘सामाजिक निर्धारक’ ही संज्ञा अभ्यासक्रमांतही स्थिरावली.

महाराष्ट्रात या दिशेने झालेले पायाभूत काम प्रामुख्याने डॉक्टरांनी सुरू केले, परंतु ते उभे राहिले ते गावातील स्त्रियांच्या बळावर. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेड येथे प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच, अनेकदा दलित व निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. दलित वस्तीत कूपनलिका घेतल्यावर पाण्यासाठी इतरांनाही तेथे यावे लागले. पाण्याचा हा निर्णय एकाच वेळी आरोग्याचा आणि जातिव्यवस्थेचा होता. भंडाऱ्याला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात राणी व अभय बंग यांनी केलेला स्त्रीरोगविषयक अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गावांतील 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. याच जिल्ह्यातील घरपोच नवजात बालसेवेचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरी दिलेल्या सेवेमुळे 39 गावांत नवजात बालमृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. नवजात बालकाच्या घरभेटी आज आशा कार्यकर्तीच्या नित्य कामाचा भाग आहेत. त्यांचा एक उगम या अभ्यासात आहे.

जिल्ह्याची सामाजिक स्थिती

2011 च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 12,00,334 होती आणि पाचपैकी चार लोक ग्रामीण भागात राहत होते. लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे एक षष्ठांश आणि अनुसूचित जमातींचा सुमारे 7 टक्के आहे. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी व लाखांदूर हे सात तालुके जिल्ह्यात उरले. साक्षरता सुमारे 84 टक्के आणि स्त्री-पुरुष प्रमाण दर हजारी 982 असल्याने सरासरीच्या तक्त्यात हा जिल्हा फार मागे दिसत नाही. याच कारणाने त्याचे प्रश्न अनेकदा जिल्हा-सरासरीखाली झाकले जातात. साकोलीच्या जंगलालगतची गोंड वस्ती, पवनीचे पुनर्वसित गाव, तुमसरची खाण वसाहत आणि भंडारा शहराची नदीकाठची पूरप्रवण वस्ती यांच्या गरजा एका आकड्यात मावत नाहीत.

जिल्ह्याचे जीवन वैनगंगा नदी आणि तलाव यांच्याभोवती फिरते. पूर्वीच्या मालगुजारी काळात बांधलेले तलाव ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. मासेमारी परंपरेने ढिवर समाजाकडे आहे. मालगुजारी संपुष्टात आल्यावर तलावांची मालकी शासनाकडे गेली. गाळ काढणे व दुरुस्ती मागे पडत गेल्याने अनेक तलावांची साठवण घटली. त्याचा परिणाम सिंचनाबरोबर मासे, शिंगाडा आणि गुरांचे पाणी यांवर, म्हणजेच गरीब घराच्या ताटावर होतो.

भातशेती आणि स्त्रियांचे श्रम

भंडारा हा धानाचा जिल्हा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी होते आणि ती जवळपास पूर्णपणे स्त्रिया करतात. दिवसभर वाकून, पायांच्या घोट्यापर्यंत किंवा त्याहून वर चिखलात उभे राहून हे काम चालते. कंबरदुखी, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, त्वचेचे संसर्ग आणि सर्पदंश हे या हंगामाचे नेहमीचे आजार आहेत. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस, तर गवत-झुडपांतील किड्यांमुळे स्क्रब टायफस होण्याचा धोका असतो. शेतात शौचालय नसल्याने अनेक मजूर स्त्रिया दिवसा पाणी कमी पितात आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो.

रोवणी हा घरात धान्य कमी असण्याचा काळही असतो. जुने धान संपत आलेले असते, नवे यायला अवकाश असतो आणि मजुरी मात्र याच दिवसांत सर्वाधिक मिळते. म्हणून गर्भवती स्त्रीही रोवणी चुकवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; चौथ्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. आहार कमी आणि श्रम जास्त या स्थितीत जन्मणाऱ्या बाळाचे वजन अडीच किलोंपेक्षा कमी असण्याचा धोका वाढतो. अशी बालके जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात दाखल होतात. नोंदवहीत कारण ‘कमी वजन’ असे लिहिले जाते. आईने सातव्या महिन्यात रोवणी केली होती, याला त्या नोंदवहीत रकाना नसतो.

धानाचा हंगाम संपल्यावर मजुरांचे गट मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. पवनीलगतच्या भिवापूर-मांढळ पट्ट्यात मिरचीचे देठ खुडण्याच्या सातऱ्यांवरही स्त्रिया काम करतात. तेथे हाताची आग, खोकला व डोळ्यांची जळजळ ही कामाचाच भाग समजली जाते. स्थलांतराच्या महिन्यांत लसीकरण, गर्भवतीची तपासणी आणि क्षयरोगाची औषधे खंडित होण्याची शक्यता असते. विड्या वळणे हा जिल्ह्यातील जुना घरगुती उद्योग आहे. तेंदूपाने कापणे व जर्दा भरणे हे काम राहत्या खोलीतच चालत असल्याने तंबाखूची धूळ लहान मुलांच्याही श्वासात जाते. विडी कामगारांसाठी 1966 मध्ये सेवाशर्तींचा आणि 1976 मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. कल्याण निधीचा लाभ ओळखपत्रावर अवलंबून असतो. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजच्या धुळीशी दीर्घकाळ आलेला संपर्क मज्जासंस्थेस हानिकारक ठरू शकतो.

हत्तीरोग

जिल्ह्यातील आजारांपैकी राहणीमानाशी ज्याचा संबंध सर्वांत उघड आहे, तो हत्तीरोग. पूर्व विदर्भातील इतर जिल्ह्यांप्रमाणे भंडाराही या रोगाचे स्थानिक क्षेत्र आहे. ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ हा कृमी क्यूलेक्स डासामार्फत पसरतो आणि हा डास घाण, साचलेल्या सांडपाण्यात वाढतो. उघडी गटारे, न उपसलेले शौचालयाचे टाके आणि शोषखड्ड्यांचा अभाव ही त्याची पैदास केंद्रे आहेत. म्हणून एकाच गावात वरच्या अंगाची वस्ती आणि सांडपाणी जिकडे वाहते ती खालच्या अंगाची वस्ती यांचा धोका सारखा नसतो. गप्पी मासे सोडणे आणि शौचालयाच्या वायुनलिकेला जाळी बांधणे हे स्वस्त उपाय आहेत, मात्र ते सातत्याने करावे लागतात.

कृमीची पिल्ले रात्री परिघीय रक्तात येत असल्यामुळे रक्तनमुने रात्री घरोघर जाऊन घ्यावे लागतात. सामुदायिक औषधोपचार मोहिमेत डायइथाइलकार्बामेझिन व अल्बेंडाझोल या गोळ्या दिल्या जातात. तिहेरी उपचारपद्धतीत त्यांच्याबरोबर आयव्हरमेक्टिन असते. गोळी कर्मचाऱ्यासमोरच गिळली जावी, असा आग्रह असतो. रक्तातील कृमी मरताना काहींना ताप, चक्कर किंवा मळमळ होते. ज्याच्या अंगात कृमी आहेत त्यालाच हा त्रास अधिक होतो, आणि त्यानेच गोळी घेणे सर्वांत आवश्यक असते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसासाठी एका दिवसाचा ताप म्हणजे बुडालेली मजुरी असते. अशा वेळी गोळी खिशात ठेवून ‘रात्री घेतो’ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणे सोपे असले, तरी त्याचा हिशेब चुकीचा असतोच असे नाही. भारताने या रोगाच्या निर्मूलनासाठी 2027 हे लक्ष्यवर्ष ठरवले आहे.

सूज आलेल्या रुग्णाची काळजी हा पूर्णतः परिचर्येचा विषय आहे. पाय रोज साबण-पाण्याने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, भेगांवर मलम लावणे, पाय उंच ठेवणे, हलका व्यायाम करणे आणि योग्य पादत्राणे वापरणे एवढ्याने वारंवार येणारे तापाचे झटके बरेच कमी होतात. हे झटके कृमीमुळे नव्हे, तर प्रामुख्याने त्वचेच्या भेगांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे येतात. परंतु रोवणी करणाऱ्या स्त्रीला पाय कोरडा ठेवणे शक्य नसते. पाणी दूरवरून आणावे लागत असेल तर रोज पाय धुणे ही चैन ठरते, आणि सुजलेल्या पायाच्या मापाची चप्पल बाजारात मिळत नाही. रुग्णाने सल्ला का पाळला नाही, या प्रश्नाऐवजी सल्ला पाळण्यासाठी घरात व कामावर काय असावे लागते, हा प्रश्न सामाजिक निर्धारकांच्या अभ्यासात विचारला जातो. पुरुषांतील अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते, पण संकोचामुळे ती वर्षानुवर्षे लपवली जाते. स्त्रीच्या सुजलेल्या पायाचा परिणाम तिच्या विवाहावर होतो.

सिकलसेल

विदर्भातील अनुसूचित जाती व आदिवासी समाजांत सिकलसेल जनुकाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आहे. हा आजार आनुवंशिक असल्याने त्यात सामाजिक कारणांना जागा नाही असे वाटू शकते. प्रत्यक्षात जनुक जन्मतः मिळत असला तरी वेदनेचे झटके किती वेळा येतील, हे बऱ्याच अंशी राहणीमानावर ठरते. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम आणि संसर्ग यांमुळे झटके येतात. भरपूर पाणी पिणे व जड काम टाळणे हा सल्ला शेतमजुरास पाळता येत नाही. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून विवाहपूर्व तपासणीचा आग्रह धरला जातो. मात्र तपासणीचा निकाल गावात पसरला तर मुलीचेच लग्न मोडते. त्यामुळे लहान गावात काम करणाऱ्या परिचारिकेपुढे गोपनीयता हा सर्वांत अवघड प्रश्न असतो. रक्तक्षय दिसला की लोहाच्या गोळ्या देण्याचा सर्वसाधारण नियमही येथे जपून वापरावा लागतो, कारण वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साठते. केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्याचे लक्ष्यवर्ष 2047 आहे.

गोसीखुर्द, पूर आणि पाणी

पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या गोसीखुर्द (इंदिरासागर) धरणाचे भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी झाले. 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे त्यात बुडाली. पुनर्वसनात घर व रोख रक्कम मोजली जाते, परंतु नदीतील मासे, सरपण, गुरांची चराई आणि बाळंतपणात धावून येणारी शेजारीण यांची मोजदाद होत नाही. नुकसानभरपाई बहुधा कुटुंबप्रमुख पुरुषाच्या हाती जाते. विस्थापनानंतरची बेकारी, दारू व मानसिक ताण यांचा भार स्त्रियांवर कसा पडतो, हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे.

नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान नदीत आणि तेथून आंभोऱ्याजवळ वैनगंगेत येते. धरणामुळे प्रवाह थांबल्याने हे पाणी जलाशयात साठून राहते. एका मोठ्या शहराच्या सांडपाण्याची किंमत खालच्या अंगाची खेडी मोजतात, याचे हे ठळक उदाहरण आहे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेल्या वैनगंगेच्या महापुरात भंडारा शहर व नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. तो कोरोना साथीचा काळ असल्याने निवारा केंद्रांतील गर्दी हाही धोका होता.

आरोग्यसेवा आणि परिचारिका

सर्वसाधारण क्षेत्रात 5,000 आणि आदिवासी व डोंगराळ क्षेत्रात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. उपकेंद्राची आरोग्यसेविका ही ग्रामीण भागातील बहुतेक स्त्रियांना भेटणारी पहिली, आणि कधी कधी एकमेव, प्रशिक्षित व्यक्ती असते. 2018 नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांतील अनेकांनी परिचर्येची पदवी घेतलेली असते. रुग्णालयीन सेवा भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात एकवटलेली आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाले. गुंतागुंतीच्या आजारासाठी नागपूर गाठावे लागते आणि प्रवास, जेवण व बुडालेली मजुरी यांचा खर्च मोफत उपचारातही टळत नाही.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षात आग लागून 10 बालकांचा मृत्यू झाला. 7 बालकांना वाचवण्यात आले. मृत बालकांपैकी अनेकांचे पालक ग्रामीण कष्टकरी होते. चौकशीनंतर वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांवर कारवाई झाली. दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला आणि त्याविरुद्ध परिचारिका संघटनांनी आवाज उठवला. रुग्णालयांचे अग्निसुरक्षा परीक्षण, रात्रपाळीतील मनुष्यबळ आणि जबाबदारी कोणाच्या पदरात टाकली जाते, या मुद्द्यांवर राज्यभर चर्चा झाली. जिथे खासगी दवाखान्याचा पर्याय परवडत नाही, तिथे शासकीय रुग्णालयाची इमारत व वीजजोडणी हीसुद्धा आरोग्याची सामाजिक निर्धारके ठरतात.

संशोधनाच्या पद्धती आणि मर्यादा

महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदव्युत्तर प्रबंधांत एक साचा फार रूढ आहे: एखाद्या आजाराविषयी निवडक लोकांचे ज्ञान प्रश्नावलीने मोजायचे, नियोजित शिक्षण द्यायचे आणि काही दिवसांनी पुन्हा तीच प्रश्नावली भरून घ्यायची. गुण बहुधा वाढलेले दिसतात. या रचनेत आजाराचे कारण अज्ञान हेच असल्याचे आधीच गृहीत धरलेले असते. सांडपाणी, मजुरी किंवा जात यांना तक्त्यात ‘पार्श्वभूमी’ एवढेच स्थान उरते. नमुना लहान, कालावधी थोडा आणि पाठपुरावा नाही, या उणिवा विद्यार्थ्यांच्या वेळेच्या व पैशाच्या मर्यादेतून येतात. त्यांचा दोष केवळ विद्यार्थ्यांवर टाकता येत नाही.

सामाजिक निर्धारकांचा शोध घेण्यासाठी घरभेटी, दीर्घ मुलाखती, गावाचा पाणी व गटार नकाशा, हंगामवार दिनदर्शिका आणि वस्तीनिहाय तुलना या पद्धती अधिक उपयोगी पडतात. आरोग्यसेविकेकडे त्या गावाची वर्षानुवर्षांची माहिती असते. तिच्या नोंदी वरच्या कार्यालयाकडे जातात, पण विश्लेषण होऊन त्या गावाकडे क्वचितच परत येतात. आपल्याच नोंदींतून कोणत्या वस्तीत कमी वजनाची बालके अधिक आहेत हे काढण्यासाठी मोठ्या निधीची गरज नसते. त्यासाठी लागतो वेळ, आणि तोच तिच्याकडे नसतो.

भाषा हाही पद्धतीचा भाग आहे. भंडारा झाडीपट्टीत येतो. झाडीबोलीबरोबर तुमसर-मोहाडीकडे पोवारी, तसेच गोंडी व हिंदीही बोलली जाते. प्रमाण मराठीत छापलेल्या प्रश्नावलीतील ‘श्वेतप्रदर’ हा शब्द ‘अंगावरून पांढरे जाते’ असे सांगणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचत नाही आणि तिचे उत्तर ‘नाही’ असे नोंदले जाते. लहान गावात नाव वगळूनही व्यक्ती ओळखू येते. त्यामुळे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतील संमती व गोपनीयतेच्या अटी येथे अधिक काटेकोरपणे पाळाव्या लागतात. संशोधक आणि सेवा देणारी परिचारिका एकच असेल, तर सहभागास नकार दिल्यास औषध मिळणार नाही, अशी भीती रुग्णाला वाटू शकते. संमतीपत्रावरील अंगठ्याने ती भीती जात नाही.